पायपट्टी

बाइंडिंगवाल्या देवरावच्या दुकानात अनघाचा पाय स्वतःच्याच प्रबंधाला लागला, आणि काय झालं हे कळायच्या आत तिचा हात खाली जाऊन, वरच्या प्रतीला टेकून, कपाळापर्यंत येऊन गेलासुद्धा. देवराव खळीच्या डब्यात ब्रश बुडवत होता. "चालते मॅडम, गठ्ठा मीच खाली ठेवला," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. त्याच्या लेखी ती काही बोलण्यासारखी गोष्टच नव्हती. पुस्तकाला पाय लागला, पाया पडलं, संपलं. यवतमाळात रविवारच्या दुपारी दत्त चौकात अशा गोष्टी शेकड्यानं होत असतील. पण अनघा कपाळाला हात लावून तशीच उभी राहिली, कुणाची तरी वाईट बातमी कळल्यासारखी. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव होतं, खाली विद्यापीठाचं नाव, मध्ये विषय: जिनिंग कारखान्यांतील स्त्री-कामगार, यंत्ररचना आणि सुरक्षितता. आणि आत चौथ्या प्रकरणात ते वाक्य होतं, तिचे मार्गदर्शक नरहर सर यांनी कौतुकानं दोनदा अधोरेखित केलेलं: 'संकटाच्या क्षणी हात अडकलेले असतात, पाय मोकळा असतो, पाय विचार करत नाही.' किती आवडलं होतं तिला स्वतःचंच वाक्य. आता त्या वाक्यानं देवरावच्या दुकानात, खळीच्या वासात, तिच्याकडे तोंड वर करून पाहिलं. पाय विचार करत नाही हे खरं. हातही करत नाही. तिचा हात आत्ताच पाया पडून आला होता, तिला न विचारता.

नलूची आठवण तिला त्या क्षणी आली असं म्हणणं खोटं ठरेल, कारण नलू गेले दोन महिने तिच्या डोक्यातून गेलीच नव्हती. पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या त्या जिनात रेच्यावर कापूस भरताना नलूचा उजवा हात रोलरपाशी ओढला गेला, आणि बोटं गेली. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्राला बोट आणि बोंड यातला फरक कसा कळावा? पायाशी पिवळी पट्टी होती. अनघानं सुचवलेली, अनघानं उंची ठरवलेली, अनघानं लावून घेतलेली. लाथ मारली की रेचा जागच्या जागी थांबतो. नलूनं लाथ मारली नाही. डावा हात लांब करून करून ती खांबावरच्या बटणाकडे ताणत राहिली, आणि ते बटण तिच्या हाताला पोचणारं नव्हतंच. म्हणून तर पट्टी लावली होती! मॅनेजर शंकरसिंगानं चौकशीत सांगितलं की बाईचा पाय पट्टीपासून वीतभर होता, सगळ्यांनी पाहिलं. मग चौकशीसाठी अनघानं द्यायच्या तज्ज्ञ-मताचा मसुदा नरहर सरांनीच करून दिला, कारण सर अशा कामात तरबेज. यंत्रात दोष नाही, प्रशिक्षण दिलेले होते, कामगाराकडून वापर झाला नाही, मानवी चूक. उद्या सोमवारी सकाळी सर अमरावतीला जाणार होते, प्रबंधाच्या प्रती आणि तिच्या सहीचं ते मत, दोन्ही बरोबर घेऊन. सही झाली की नलूच्या कपाळी निष्काळजीपणाचा शिक्का बसणार आणि जिनाचं दार तिला कायमचं बंद होणार. सही झाली नाही तर पट्टीत खोट आहे असं होणार, आणि पट्टी म्हणजेच तर प्रबंध होता. "अनघाबाई, इतकी वर्षं घातलीत, आता काठावर येऊन पाय घसरू देऊ नका," सर म्हणाले होते. सर माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त निवृत्त व्हायच्या आधी तिला डॉक्टर झालेली पाहायचं होतं.

बाकीच्या प्रती देवरावकडे ठेवून तिनं एक पिशवीत घातली आणि घरी जायच्या ऐवजी ती एसटी स्टँडवर गेली. घरी जाऊन तरी काय करायचं होतं! आई गेल्यापासून दारव्हा रोडवरच्या दोन खोल्यांत रविवार संपता संपत नसे. संध्याकाळी पुण्याहून सलीलचा फोन येई, "ताई, जेवलीस का" असं भाऊ विचारी, ती "हो" म्हणे, आणि मग दोघंही पुढचं काय बोलायचं ते शोधत बसत. कॉलेजात शिकवायचं, मुलांच्या वह्या तपासायच्या, आणि उरलेलं सगळं त्या प्रबंधात ओतायचं. खरं सांगायचं तर एकटेपणा घालवायला माणसं भक्ती करतात, भिशी लावतात, अनघानं बायकांचे कोपर मोजायला घेतले. जिनात पहिल्यांदा टेप घेऊन गेली तेव्हा बाया हसून हसून लोळल्या होत्या. "आता माय! मॅडम माप घेऊन राह्यल्या. बलाऊज शिवून देता काय आमाले?" असं विचारणारी नलूच होती. उंच, काटक, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पापण्यांवर कापसाचे तंतू. रेचे पुरुषांच्या उंचीचे आणि भरणाऱ्या बाया. म्हणून पायाखाली विटा रचून त्या उभ्या राहायच्या, आणि खांबावरचं बटण कुण्या उंच मिस्त्रीच्या सोयीनं बसवलेलं. हे पाहिलं त्या दिवशी अनघाला कित्येक वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं होतं की आपण कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत. त्या रात्री तिनं स्वतःसाठी गोड शिरा केला होता. एकटीनं खाल्ला, पण केला.

बस सागवानातून चालली होती. फाल्गुन लागला होता, पळस पेटला होता, पण तिला ते काही दिसत नव्हतं. मांडीवर प्रबंध होता आणि त्यावर दोन्ही हात. आई असती तर म्हणाली असती, बघ, सुटलं का? लहानपणी वहीला पाय लागला की आई पाठीत धपाटा घाली, "सरस्वती आहे ती!" आणि अनघा रडत रडत पाया पडे. कागदाला, केरसुणीला, कणकेच्या परातीला, शेजाऱ्याच्या पायालासुद्धा. अभियांत्रिकी शिकली, तेव्हा तिला वाटलं हे सगळं मागे पडलं. घरात देव्हारा होता, पण दिवा लावायची तिला आठवण राहत नसे, आणि आठवण राहत नाही याचा थोडा अभिमानही असे. मग आज दुकानात पाया पडलं ते कोण पडलं? या प्रश्नाशी ती आली आणि तिथून सरळ दसऱ्याच्या सकाळी जाऊन पोचली. नको नको म्हणत पोचली.

दीड वर्षापूर्वीच्या त्या दसऱ्याला जिनात पूजा होती. ती वर्षंच तशी होती. कापूस येईल की नाही, भाव मिळेल की नाही, काही सांगता येत नव्हतं, म्हणून पूजा अंमळ जास्तच जोरात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे दिल्ली-मुंबईचे पत्रकार जिल्ह्यात ठाण मांडून होते. त्यातला एक जिनातही येऊन गेला होता. त्यानं नलूला विचारलं, तुमच्या घरी कुणी गेलं का? नलू म्हणाली, नाई. त्यानं कॅमेरा बंद केला. कापसाच्या मरणाची सगळीकडे चर्चा, आणि कापूस ज्यांच्या नाकातोंडात जाई त्या बायांना कुणी काही विचारत नव्हतं, याचा अनघाला राग येई. तर त्या सकाळी रेचे धुऊन पुसून ओळीनं उभे होते, झेंडूच्या माळा घातलेले. शंकरसिंग पांढरा कुर्ता घालून आला आणि म्हणाला, "मॅडम, पूजा आपल्याच हातानं होऊ द्या. आप तो लक्ष्मी की तरह आई हैं हमारे यहाँ." तिनं प्रत्येक रेच्याला हळदकुंकू वाहिलं. मग तो म्हणाला, "अन् हा आपला नवा पार्ट?" नवी वस्तू आली की तिचीही पूजा करायची असते, सायकल असो की पाटा-वरवंटा. अनघा पदर खोचून खाली बसली आणि तिनं आपल्या हातानं, आपल्या त्या पिवळ्या पट्टीला, ठसठशीत कुंकवाचं बोट ओढलं. माळ घातली. नमस्कारसुद्धा केला. बाया एकामागून एक आल्या, वाकल्या, पट्टीला हात लावून तो छातीला लावत गेल्या. आदल्या महिन्यात चाचणीच्या वेळी याच बायांनी याच पट्टीला खिदळत लाथा मारल्या होत्या, ती सगळी नोंद प्रबंधात होती. त्या दिवशी ती नुसती पट्टी होती. दसऱ्यानंतर ती काय झाली, हे अनघाला वर्षभर दिसलं नाही. उलट पुढे ती जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा पट्टीवर ताजं कुंकू दिसायचं. ममता नावाची बाई दर शुक्रवारी न चुकता लावायची. चपला सगळ्या जणी लांब काढून यायच्या. अनघाला भरून येई. यांनी पट्टी आपली मानली, असं तिला वाटे. सहाव्या प्रकरणात तिनं त्याला 'कामगारांकडून स्वीकार' असं म्हटलं होतं. बसच्या खिडकीशी तिला आता त्या शब्दाची शिसारी आली. जिला लाथ मारायची तिलाच देव करून ठेवलं, आणि वर विचारायचं, लाथ का नाही मारलीस!

पण एक गाठ काही सुटत नव्हती, आणि बस पांढरकवड्याला टेकेपर्यंत ती तिला टोचत राहिली. नलू पूजेत नव्हती. नलू आणि तिच्या वस्तीतल्या आणखी काही बाया दाराशी उभ्या होत्या, बाजूला, हात बांधून. बौद्धांच्या घरच्या त्या, त्यांच्याकडे अशी पूजा नाही. अनघानं ते तेव्हाच पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बरंय, यांची मनं तरी मोकळी आहेत. नलूला पट्टी म्हणजे लोखंडच होतं. मग तिचा पाय का अडला? ही एक गोष्ट विचारल्याशिवाय उद्या सही करता येणार नव्हती, आणि न करताही येणार नव्हती.

केळापूरला नलूचं घर वस्तीच्या टोकाला. नवरा धम्मरत्न पांढरकवड्यात ऑटो चालवायचा, तो घरी नव्हता. नलू दारातच बसली होती, सुपात गहू घेऊन, डाव्या हातानं खडे वेचत. उजवा हात मांडीवर, मनगटापासून पुढे पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. "मॅडम? तुमी काहून आल्या उन्हाच्या?" ती उठली, चटई टाकली, एका हातानं टाकल्यामुळे चटई वाकडी पडली, तर ती पायानं सरळ केली. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली फळीवर मुलांची पुस्तकं नीट लावलेली. अनघाला पाणी दिलं. चहा ठेवला. डाव्या हातानं साखर घालताना थोडी सांडली, तर नलूनंच हसून म्हटलं, "आता हा हात शिकून राह्यला. नवीन भरती हाय." अनघाला हसता आलं नाही. तिला स्वतःचीच चीड आली, की दोन महिन्यांत आपण आज पहिल्यांदा आलो, तेही प्रश्न घेऊन.

"नलूताई, त्या दिवशी पट्टी पायाशीच होती ना? दिसली होती ना तुम्हाला?"

"दिसली ना."

"मग?"

"ध्यान नाई राह्यलं, मॅडम. घाबरली मी." हे तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. चौकशीतही हेच सांगितलं असणार. मग अनघानं दुकानातली गोष्ट सांगितली, जशी घडली तशी: पाय कसा लागला, हात कसा आपोआप गेला, आणि पट्टीला कुंकू आपणच कसं लावलं होतं. नलू ऐकत होती. चहा उतू गेला तसं तिनं उठून भांडं उतरवलं, आणि पाठमोरीच बोलली.

"आमच्या घरी नाई पूजा-बिजा. मायासाठी तं ते लोखंडच. पाय उचलला होता मी."

"उचलला होता?"

"हाव. पन कुंकू दिसलं. अन् ममताबाई समोर उभी, पाहून राह्यलती." ती वळली. "त्यायचा पाय लागला तं चुकून लागला म्हंतेत, मॅडम. माया लागला तं जानून लावला म्हंतेत. मांगच्या गनपतीत मांडवासमोर आमच्या पोराचा पाय फुलाले लागला. खेळता खेळता. कित्तीक बोलनं झालं गावात! त्याच्या बापाले हात जोडा लागले."

"पण एवढ्या वेळात, हात आत ओढला जात असताना, एवढा सगळा विचार केलात तुम्ही?"

"इचार कायचा बाप्पा," नलू म्हणाली, अगदी साध्या आवाजात, चहा गाळत. "त्याचा इचार करा लागत नाई."

बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता आणि बाजारभाव सांगत होते. अनघाच्या हातात कप होता आणि तो तिनं तसाच धरून ठेवला. तिला वाटलं होतं की आपल्याला उत्तर मिळालं म्हणजे सुटू. उत्तर मिळालं होतं आणि ती पहिल्यापेक्षा जास्त एकटी पडली होती. कोपर मोजले, गुडघे मोजले, विटांची उंची मोजली. समोर कोण उभं आहे आणि ते कसं पाहतं आहे, हे मोजायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण तिच्याकडे तसं कधी कुणी पाहिलेलं नव्हतं. "हे मी लिहिते," ती म्हणाली. "उद्याच लिहिते. हेच खरं कारण आहे."

"नोका मॅडम!" नलूचा आवाज एकदम चढला. "हे लिवू नोका. आमच्या वस्तीतल्या बाया जातेत अजून तिथी. उद्या शंकरसिंग म्हनन, या बाया नोकोच, यायच्यापायी भानगड होते. अन् ममताबाई वाईट नाई. दवाखान्यात तिच्याच मांडीवर डोकं होतं माहं." मग आवाज खाली आला. "लिवा का मले ध्यान नव्हतं. तसंबी तेच लिवलं म्हंतेत ना सायबायनं? माहं गेलं ते गेलं. त्यायचं काहून जावं?"

अनघानं कप खाली ठेवला. खरं लिहावं तर हिच्या शेजारणींच्या पोटावर पाय, आणि सरांनी लिहिलं ते लिहावं तर हिच्या. आणि एक तिसरी वाट होती, तीही तिला दिसत होती. चहाचा कप हातात आल्यापासून दिसत होती, आणि अनघा त्या वाटेकडे पाहायचं टाळत होती. सर, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, विद्यापीठाच्या पायऱ्या, आई असती तर काय म्हणाली असती ते. पिशवी कलंडून प्रबंध चटईवर आला होता. नलूनं विचारलं, "हेच काय ते पुस्तक? आमचं?" अनघा हो म्हणाली. "याच्यात माहं नाव हाय?" नाही, अनघा म्हणाली, नावं लिहीत नाहीत, क्रमांक असतो. "असू द्या," नलू म्हणाली, "पन हाय ना मी," आणि कप उचलायला म्हणून ती उठली.

उठताना तिचा पाय प्रबंधाला लागला. लागला म्हणजे नुसता टेकला. आणि तत्क्षणी तिचा उजवा हात खाली गेला, तो पट्ट्यांचा पांढरा गोळा, सोनेरी अक्षरांना टेकला, आणि परत वर येताना दुखून मध्येच थांबला. नलूनं दात ओठांवर दाबले. मग डावा हात खाली नेऊन तिनं नमस्कार पुरा केला. "पुस्तकाले पाय लागला," ती ओशाळून म्हणाली. तिच्या घरात पूजा नव्हती, पण पुस्तक होतं.

अनघानं प्रबंध उचलून पिशवीत घातला. दारात आल्यावर ती म्हणाली, "नलूताई, मी लिहिणार आहे की पट्टीची जागाच चुकली. पायाशी लावायला नको होती. चूक रचनेची, म्हणजे माझी. तुमचं, ममताबाईंचं, कुणाचंच काही येणार नाही त्यात."

"तुमाले कोनी काही म्हनन काय?"

"मला म्हणायला आहे कोण," अनघा म्हणाली. तिला हे विनोदानं म्हणायचं होतं.

नलूनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "असं बोलू नये," ती म्हणाली. आणि मग, "मंग या पुस्तकाचं काय?"

"पुन्हा लिहावं लागेल."

"सगळं?"

"बहुतेक सगळं."

"आता माय!" नलू म्हणाली, आणि तिचा तो जुना, माप घेताना हसायची तसा आवाज आला. "म्हंजे मी याच्या पाया उगाचच पडली काय?" दोघी हसल्या. हसताना नलूच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अनघाच्याही, पण कुणीच ते पुसलं नाही. धम्मरत्नचा ऑटो येईपर्यंत थांबा म्हणून नलूनं आग्रह केला. अनघा थांबली नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. तिला शेवटच्या बाकावर जागा मिळाली, मांडीवर शेजारणीचं मूल झोपलं, तेव्हा पिशवी पायाशी ठेवावी लागली. तिनं मनातल्या मनात उद्याच्या मताची वाक्यं जुळवली. सरांना सकाळी काय सांगायचं तेही जुळवलं, आणि सर आधी चिडतील, मग गप्प होतील, आणि ते गप्प होणं जास्त लागेल, हेही तिला कळत होतं. पट्टी खांबावर, कोपराच्या उंचीवर न्यायची, जिथे कुणाचाच पाय जाणार नाही. मग नव्यानं मोजमापं. आणखी किती वर्षं कोण जाणे. संध्याकाळ झाली होती. सलीलचा फोन येऊन वाजून वाजून थांबला असेल. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला बस उडे आणि तिचा पाय पिशवीतल्या प्रबंधाला लागे. चुकलेलं पुस्तक होतं, तिला ते आता पुरतं ठाऊक होतं. तरी दर धक्क्याला तिचा हात उठत राहिला.